फॉल्स्टाफच्या दीडशे माणसांचा हिशेब

श्रूझबरीच्या रणांगणावर सर जॉन फॉल्स्टाफ एकटाच येतो आणि सांगतो, "माझ्या दीडशे जणांतले तीनसुद्धा जिवंत राहिले नाहीत. जे राहिलेत ते आता गावाच्या वेशीवर बसून जन्मभर भीक मागणार." तेवढ्यात राजपुत्र हॅल धावत येतो आणि त्याची तलवार मागतो. तलवार देता येणार नाही, हवं तर पिस्तूल घे, असं फॉल्स्टाफ म्हणतो. राजपुत्र पिस्तुलाच्या म्यानात हात घालतो तर आतून दारूची बाटली निघते. नाट्यगृह हसतं. त्या हशात दीडशे माणसं कुठे गेली, हे कुणी विचारत नाही.

मीही विचारलं नव्हतं. कॉलेजात शेक्सपिअरचं 'चौथा हेन्री' पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बाटली आठवत राहिली, माणसं नाही. परीक्षेला ठरलेला प्रश्न असे : राजा झाल्यावर हॅलने फॉल्स्टाफला झिडकारलं ते योग्य की अयोग्य? मी अयोग्य म्हणून कळवळून दोन पुरवण्या भरल्या होत्या. पुढे कितीतरी वर्षांनी नाटकाचे दोन्ही भाग एका दमात वाचले, तेव्हा वेशीवरच्या भिकाऱ्यांच्या त्या वाक्याशी अडखळलो आणि मग पुढचं काही पहिल्यासारखं वाचता आलं नाही. आज मला तो परीक्षेतला प्रश्नच चुकीचा वाटतो. फॉल्स्टाफला शिक्षा झाली ती जास्त होती की कमी, यावर अडीचशे वर्षं वाद चालला आहे. त्याला शिक्षा नेमकी कशाची झाली, हे मात्र क्वचितच तपासलं जातं. माझं म्हणणं असं की त्याचा सर्वांत मोठा गुन्हा राजदरबारात कधी उच्चारलाच गेला नाही. तो उच्चारला असता तर बोट थेट सिंहासनाकडे गेलं असतं.

आधी माणूस ओळखून घेऊ. फॉल्स्टाफ हा 'सर' किताब असलेला, पोट सुटलेला, पांढऱ्या केसांचा, कायम कर्जात बुडालेला उमराव. लंडनच्या ईस्टचीप भागातल्या खाणावळीत त्याचा मुक्काम. इंग्लंडचा युवराज हॅल बापावर रुसल्यासारखा त्याच्याच संगतीत दिवस काढतो. हे नाटक दोन भागांत आहे. ते १५९६ ते १५९८च्या आसपास लिहिलं गेलं. पहिला भाग १५९८ साली छापला गेला, दुसरा १६०० साली. नंतर विंडसरच्या दोन गृहिणींनी ज्याला मळक्या कपड्यांच्या टोपलीत कोंबून नदीत टाकलं, तोही फॉल्स्टाफच. पण तिथे तो फजिती होण्यापुरता उरला आहे, म्हणून त्या नाटकाचा इथे विचार नको.

त्याचा विनोद खरोखर थोर आहे आणि ते मान्य केल्याशिवाय पुढे जाणं लबाडीचं होईल. केंटमधल्या गॅड्स हिलवर तो साथीदारांसह वाटसरूंना लुटतो. राजपुत्र आणि त्याचा एक मित्र वेष पालटून त्या लुटारूंनाच लुटतात आणि फॉल्स्टाफ बोंबलत पळत सुटतो. खाणावळीत परतल्यावर तो पराक्रम सांगू लागतो. अंगावर आलेले दोघे बघता बघता चार होतात, चाराचे सात, साताचे नऊ, नवाचे अकरा. खोटं उघडं पडल्यावर तो क्षणभरही ओशाळत नाही. मी तुला तेव्हाच ओळखलं होतं, युवराजावर हात कसा उचलणार, म्हणून पळालो, असं म्हणून मोकळा होतो. त्याच्या खिशातलं बिल वाचलं जातं : कोंबड्याचे २ शिलिंग २ पेन्स, दोन गॅलन मद्याचे ५ शिलिंग ८ पेन्स आणि पाव फक्त अर्ध्या पेनीचा. या माणसावर प्रेम बसतं. माझं अजून आहे, आणि म्हणूनच हा हिशेब मांडायला मला जड जातं.

गॅड्स हिलच्या लुटीत ३०० मार्क गेले होते. एक मार्क म्हणजे पाऊंडाचा दोनतृतीयांश, म्हणजे लूट २०० पाऊंडांची. त्या वाटेने राजाच्या खजिन्याचे पैसे चालले होते, त्यामुळे शेरीफ खाणावळीच्या दारात हजर झाला. पडद्याआड घोरत पडलेल्या फॉल्स्टाफला राजपुत्राने खोटं बोलून वाचवलं आणि ती रक्कम वर भर घालून परत केली. प्रकरण मिटलं. आता दुसरी रक्कम पाहा. उत्तरेतल्या सरदारांनी बंड केलं, लढाई जवळ आली आणि फॉल्स्टाफला पायदळाची एक तुकडी मिळाली. सैनिक सक्तीने भरती करण्याचा राजाचा अधिकार आता त्याच्या हातात आला. कोव्हेंट्रीजवळच्या रस्त्यावर तो स्वतःच आपल्याला सांगतो की त्याने या अधिकाराचा वाटेल तसा गैरवापर केला. दीडशे सैनिकांच्या बदल्यात त्याने तीनशेहून जास्त पाऊंड उकळले. पद्धत सोपी होती. खाऊनपिऊन सुखी घरचे, जमीनजुमला असलेले, लग्न ठरलेले, युद्धाच्या नुसत्या नगाऱ्याने घाबरणारे तरुण हेरून त्यांचीच नावं लावायची. ते पैसे मोजून सुटतात. मग रिकाम्या जागी कामावरून काढलेले नोकर, पळून आलेले दारूच्या गुत्त्यातले पोरगे, धंदा बुडालेले मोतद्दार भरायचे. सगळ्या तुकडीत मिळून दीड सदरा, असं तोच म्हणतो. फाशीच्या खांबांवरून प्रेतं उतरवून भरती केलीत का, असं वाटेत कुणीतरी त्याला विचारतं.

गॅड्स हिलचे २०० पाऊंड परत आले. हे ३०० कधीच परत आले नाहीत, आणि त्यांच्याबद्दल दोन्ही भागांत एकाही अधिकाऱ्याने, न्यायाधीशाने किंवा राजाने एक शब्द काढलेला नाही. एलिझाबेथच्या काळात पायदळातल्या शिपायाला दिवसाला ८ पेन्स मिळत. ३०० पाऊंड म्हणजे ७२,००० पेन्स, म्हणजे एका शिपायाचा ९,००० दिवसांचा, जवळपास पंचवीस वर्षांचा पगार.

लढाई १४०३ सालची असली तरी हा भ्रष्टाचार १५९०च्या दशकातला आहे आणि प्रेक्षकांना तो चांगलाच ओळखीचा होता. त्या वर्षांत इंग्लंडची माणसं नेदरलँड्समध्ये, फ्रान्समध्ये आणि आयर्लंडमध्ये मरत होती. वरून प्रत्येक परगण्याला आकडा ठरवून यायचा, गावचे न्यायाधीश आणि कॅप्टन मिळून माणसं वेचायचे. ज्याची ऐपत असेल तो सुटायचा. मेलेल्या आणि पळालेल्या शिपायांची नावं हजेरीपटावर तशीच ठेवून त्यांचा पगार कॅप्टन खिशात घालायचे, हे तर उघड गुपित होतं. १५९६च्या ईस्टरला कॅलेच्या बचावासाठी घाईने माणसं हवी होती, तेव्हा लंडनमध्ये प्रार्थनेला आलेल्या लोकांना चर्चची दारं बंद करून उचलण्यात आलं. त्यात १५९४ पासून ओळीने पिकं बुडालेली. लढाईतून लुळेपांगळे होऊन परतलेल्यांची संख्या एवढी होती की १५९३ साली त्यांच्या मदतीसाठी पार्लमेंटला कायदा करावा लागला. 'गावाच्या वेशीवर भीक मागणारे' हे शब्द ऐकणाऱ्या प्रेक्षकाला नाटकाबाहेर पडल्यावर शंभर पावलांवर असा माणूस भेटत असणार.

दुसऱ्या भागात शेक्सपिअर हाच व्यवहार आपल्या डोळ्यांसमोर घडवतो. ग्लॉस्टरशरमधलं एक खेडं. तिथला म्हातारा न्यायाधीश शॅलो हा फॉल्स्टाफचा तरुणपणीचा ओळखीचा. अंगणात पाच माणसं उभी केली आहेत. त्यांची नावंच थट्टेची आहेत : मोल्डी म्हणजे बुरसटलेला, शॅडो म्हणजे सावली, वॉर्ट म्हणजे चामखीळ, फीबल म्हणजे दुबळा आणि बुलकाफ म्हणजे गोऱ्हा. फॉल्स्टाफ प्रत्येकाच्या नावावर कोटी करतो, न्यायाधीश खदखदून हसतो. शॅडोकडे बघून फॉल्स्टाफ म्हणतो, बरा आहे, आमच्या हजेरीपटावर नुसत्या सावल्याच भरल्या आहेत. मराठी वाचकाला यावर टीप लागणार नाही. मस्टरवरची खोटी नावं म्हणजे काय, हे आपल्याकडे रोजंदारीवर गेलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

या पाचांची बोलणी थांबून ऐकावीत अशी आहेत. मोल्डी म्हणतो, माझ्या म्हातारीचं शेतीचं आणि घरचं काम करायला माझ्याशिवाय कुणी नाही, मी गेलो तर ती उघडी पडेल. बुलकाफ म्हणतो, मला खोकला आहे. कशाने झाला? राजाच्या राज्याभिषेकाच्या वाढदिवशी घंटा वाजवताना. ज्या राजाच्या नावाने घंटा वाजवून छाती भरली, तोच राजा आता लढाईला बोलावतो आहे. ही ओळ विनोदासाठी लिहिली आहे आणि लोक हसतातही, पण एका गरीब माणसाचं राज्यसंस्थेशी असलेलं सगळं नातं तिच्यात मावलं आहे.

मग पैसे निघतात. फॉल्स्टाफचा हस्तक बार्डॉल्फ बाजूला उभा असतो. बुलकाफ त्याच्या हातावर चाळीस शिलिंग ठेवतो. मोल्डीही चाळीस द्यायचं कबूल करतो. दोघांचे मिळून चार पाऊंड. बार्डॉल्फ फॉल्स्टाफच्या कानाला लागून सांगतो, दोघांना सोडवायचे तीन पाऊंड मिळालेत. मधला एक पाऊंड बार्डॉल्फच्या खिशात गेला. नाटकात यावर कुणी काही बोलत नाही, बेरीज करणाऱ्यालाच ते कळतं. खालपासून वरपर्यंत प्रत्येकजण आपापला वाटा कसा कापून घेतो, हे शेक्सपिअरने एका वजाबाकीत दाखवलं आहे. आणि मग उरलेले तिघे, शॅडो, वॉर्ट आणि फीबल, ज्यांच्याकडे द्यायला काही नाही, ते लढाईला जातात. अंगापिंडाने धडधाकट असलेले दोघे मागे राहिले, हे न्यायाधीशाच्या लक्षात येतं आणि तो तसं म्हणतो. फॉल्स्टाफ त्याला ऐकवतो, मला हातपाय नकोत, उंची नको, छाती नको, मला हिंमत दे! टाळ्यांचं वाक्य आहे. आतून ते बाजारभाव सांगणारं आहे.

पाचांतला फीबल बायकांचे कपडे शिवणारा शिंपी. सगळ्यांत जास्त थट्टा त्याचीच होते. परकरांना जेवढी भोकं पाडलीस तेवढी शत्रूच्या फौजेला पाडशील का, असं फॉल्स्टाफ विचारतो. फीबल म्हणतो, माझ्याच्याने होईल तेवढं करीन, साहेब, त्याहून जास्त तुम्हाला मिळणार नाही. शेवटी सुटकेची वेळ येते तेव्हा हाच माणूस म्हणतो की मरण एकदाच येतं, ते देवाचं देणं आहे, आणि जो यंदा मेला तो पुढच्या सालच्या मरणातून सुटला. लाच देत नाही, विनवणी करत नाही. दोन्ही भागांत मिळून धैर्याची इतकी साधी आणि इतकी खरी भाषा कुठल्याही राजपुत्राच्या तोंडी नाही. माझ्या मते या दृश्याचा नायक फीबल आहे आणि फॉल्स्टाफला ते कळतसुद्धा नाही.

इथे फॉल्स्टाफच्या बाजूने एक भक्कम मुद्दा मांडला जातो आणि त्याला टाळून जाणं बरोबर नाही. श्रूझबरीच्या लढाईआधी तो 'इभ्रत' या शब्दाची जी चिरफाड करतो, ती युद्धविरोधी साहित्यातली अजोड गोष्ट आहे, असं म्हणतात. इभ्रत मोडलेला पाय जोडते का? नाही. हात जोडते? नाही. जखमेचं दुखणं काढते? नाही. मग इभ्रत म्हणजे काय? एक शब्द. तो शब्द म्हणजे काय? हवा. ती कुणाकडे आहे? बुधवारी मेला त्याच्याकडे. त्याला ती कळते का? नाही. ज्या नाटकात सगळे सरदार इभ्रतीच्या नावाने एकमेकांचे गळे कापायला निघालेत, तिथे हे एवढं सरळ बोलणारा तो एकटा आहे. मला हे सगळं मान्य आहे. राजे आणि सरदार ज्याला इभ्रत म्हणतात ते बहुतेक वेळा दुसऱ्याच्या मरणावर चढवलेलं झालर असतं, हे त्याला स्वच्छ दिसलं होतं.

पण दिसल्यावर त्याने काय केलं? स्वतःपुरता जीव वाचवला. ज्या दृश्यात तो सर वॉल्टर ब्लंटच्या प्रेताशेजारी उभा राहून असली दात विचकणारी इभ्रत मला नको, मला जीव हवा, असं म्हणतो, त्याच दृश्यात, मोजून काही ओळी आधी, त्याने आपल्या दीडशे माणसांचा निकाल सांगितलेला आहे. "जिथे गोळ्यांचा मारा होता तिथे मी त्यांना नेलं," हे त्याचे शब्द आहेत. माणसं मेली तर त्यांचा पगार कॅप्टनला, ही त्या काळची रीत आठवली की 'नेलं' या क्रियापदाचा अर्थ बदलतो. जीव हवा हे तत्त्व दीडशे जणांनाही लागू होतं. त्यांच्या वतीने त्याने ते कधीच उच्चारलं नाही. युद्धाचं ढोंग ओळखणारा माणूस त्याच युद्धावर पोट भरत असेल, तर त्याच्या शहाणपणाला युद्धविरोध म्हणता येणार नाही. उलट, भाबडेपणाने लढायला गेलेल्या फीबलपेक्षा तो अधिक दोषी ठरतो, कारण त्याला माहीत होतं.

आता राजपुत्राकडे वळू. फॉल्स्टाफच्या हाती ही तुकडी दिली कुणी? हॅलने. खाणावळीत बसून तो म्हणाला होता की या जाड्याला पायदळाची तुकडी मिळवून देतो, चालून चालूनच मरेल. एक गंमत म्हणून दीडशे माणसांचे जीव एका लबाडाच्या ताब्यात दिले गेले. पुढे कोव्हेंट्रीच्या रस्त्यावर हॅलने ती माणसं डोळ्यांनी पाहिली. इतकी दरिद्री माणसं मी कधी बघितली नाहीत, असं म्हणाला. त्यावर फॉल्स्टाफचं उत्तर इंग्रजी भाषेत कायमचं राहिलं : तोफेच्या दारूचं खाद्य आहे हे, यांनीही खड्डा तेवढाच भरतो, माणसं मर्त्यच असतात. भावी राजाने हे ऐकलं. त्याने चौकशी केली नाही, माणसं बदलली नाहीत, फॉल्स्टाफला हटवलं नाही. लवकर चल, लढाई सुरू होईल, एवढंच बोलला.

लढाईत फॉल्स्टाफ मेल्याचं सोंग घेऊन पडून राहतो. हॅलने मारलेल्या बंडखोर सरदार हॉटस्परच्या मांडीत तो वार करतो आणि प्रेत खांद्यावर टाकून, याला मीच मारला, असं सांगत येतो. हॅलला खरं माहीत आहे, मारणारा तोच आहे. तरी तो म्हणतो की या खोट्याने तुझं भलं होत असेल तर मी त्याला उत्तमातल्या उत्तम शब्दांचा मुलामा देईन. मित्रप्रेमाचं वाक्य म्हणून याचं कौतुक होतं. पण दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला इंग्लंडचे मुख्य न्यायाधीश फॉल्स्टाफला रस्त्यात गाठतात तेव्हा काय म्हणतात? श्रूझबरीच्या दिवसाच्या कामगिरीने तुझ्या गॅड्स हिलच्या रात्रीच्या कामगिरीला थोडा मुलामा चढला आहे. मुलामा हा शब्द दोन्हीकडे तोच आहे. राजपुत्राने चढवलेलं खोटं आता कायद्याच्या तोंडून बोलतं आहे. न्यायाधीश प्रामाणिक माणूस आहे, त्याने एकदा युवराजालाही तुरुंगात टाकलं होतं. पण त्याच्यापर्यंत पोहोचलेली श्रूझबरी म्हणजे पराक्रमाची श्रूझबरी. दीडशे माणसांची श्रूझबरी त्याच्या दफ्तरात नाही.

आणि मग तो प्रसंग, ज्यावर आम्ही पुरवण्या भरायचो. जुना राजा मरतो. बातमी ऐकताच फॉल्स्टाफ ग्लॉस्टरशरहून रात्रंदिवस घोडं दामटत निघतो. इंग्लंडचे कायदे आता माझ्या हुकमात आहेत, असं म्हणतो. शॅलोकडून त्याने हजार पाऊंड उसने घेतलेत. वेस्टमिन्स्टरला राज्याभिषेकाहून परतणाऱ्या नव्या राजाला तो गर्दीतून हाक मारतो, माझ्या राजा, माझ्या लेकरा! आणि राजा म्हणतो, मी तुला ओळखत नाही, म्हाताऱ्या, देवाचं नाव घे. विदूषकाला पांढरे केस शोभत नाहीत. माझ्या दहा मैलांच्या आत फिरकलास तर मरशील.

राजाचं ते सगळं भाषण पुन्हा वाचा आणि त्यात आरोप शोधा. माझ्या उच्छृंखलपणाचा तू शिक्षक होतास, मला वाममार्गाला लावलंस. बस, एवढंच. राजाची बदनामी झाली, हा गुन्हा. उकळलेले ३०० पाऊंड नाहीत, सोडलेले धडधाकट आणि धाडलेले दुबळे नाहीत, मेलेले दीडशे नाहीत. खाणावळीच्या मालकिणीचे १०० मार्क बुडवले, लग्नाचं वचन देऊन तिला भांडी गहाण टाकायला लावली, तेसुद्धा नाही. उलट त्याचं पोटपाणी चालावं म्हणून राजा नेमणूक लावून देतो. थोड्याच वेळात मुख्य न्यायाधीश येऊन त्याला फ्लीटच्या तुरुंगात धाडतो, कारण न सांगता. राजा भरतीचा विषय काढणार तरी कसा? काढला की पहिला प्रश्न येतो, तुकडी दिली कुणी, आणि दुसरा, रस्त्यावर पाहून गप्प बसलं कोण?

तुरुंगाचा हुकूम झाल्यावर मंचावर राजाचा भाऊ जॉन आणि न्यायाधीश उरतात. हा तोच जॉन, ज्याने बंडखोरांना तक्रारी दूर करण्याचं वचन दिलं आणि त्यांच्या फौजा पांगताच त्यांच्या मुखंडांना वधाला पाठवलं. तो म्हणतो की वर्ष संपायच्या आत आपण फ्रान्सवर चालून जाऊ, पैज लावतो. म्हणजे ज्याने मागच्या दोन भरत्यांत माणसं विकली, त्याला हद्दपार करून राज्य स्वच्छ झालं आणि त्याच श्वासात तिसऱ्या भरतीची तयारी सुरू झाली.

समीक्षक या प्रसंगावर दोन तट करून बसले आहेत. सॅम्युअल जॉन्सनने १७६५ साली फॉल्स्टाफचे दोष एकेक करून मोजले आणि बजावलं की बिघडवण्याची इच्छा आणि रिझवण्याची ताकद एकाच माणसात असली तर त्याच्यासारखा धोकादायक दुसरा नाही. १७७७ साली मॉरिस मॉर्गनने अख्खा निबंध लिहून तो भित्रा नव्हता, हे सिद्ध करायचा प्रयत्न केला. तो भित्रा होता की नव्हता याने शॅडोला, वॉर्टला, फीबलला काय फरक पडला? जॉन्सनचं वाक्य मला अधिक जवळचं आहे, पण त्यालाही काळजी बिघडणाऱ्या युवराजाची आहे. बिघडून राजा झालेल्याच्या हातून जे मरतात त्यांची नाही. दोन्ही तट वर बघत उभे आहेत.

आपल्याकडे शेक्सपिअर पचवलेल्या गडकऱ्यांनी 'एकच प्याला'त तळीराम उभा केला, तेव्हा ही चूक होऊ दिली नाही. तळीराम आणि त्याचं आर्यमदिरामंडळ आपल्याला पोट धरून हसवतात, पण सुधाकराच्या हातात प्याला देणारा तोच आहे आणि त्या प्याल्याची किंमत सिंधूच्या झोपडीत मोजली जाते. गडकरी आपल्याला त्या झोपडीत नेतात. शेक्सपिअर आपल्याला फीबलच्या दुकानात नेत नाही. तो एक आकडा टाकतो, एक वजाबाकी टाकतो, एक वाक्य टाकतो आणि वाचकावर सोपवतो. ज्याला हिशेब करायचा त्याने करावा. म्हणूनच 'हे विनोदी पात्र आहे, त्याला कायद्याच्या तराजूत घालू नका' हे म्हणणं मला पटत नाही. दीडशे, तीनशे, तीनसुद्धा नाहीत, चार पाऊंड, तीन पाऊंड, हे आकडे मी आणले नाहीत. नुसता विनोदच करायचा असता तर ते लागले नसते.

'पाचवा हेन्री'त, म्हणजे राजा झालेल्या हॅलवरच्या पुढच्या नाटकात, हा हिशेब पुढे चालू राहतो. फॉल्स्टाफ लंडनमध्येच मरतो, पडद्याआड. खाणावळीची मालकीण त्याच्या थंड पडत गेलेल्या पायांचं जे वर्णन करते ते वाचताना माझा गळा अजून भरून येतो. तिचे बुडालेले पैसे तिने कधीच माफ करून टाकले आहेत. फ्रान्समध्ये बार्डॉल्फ एका चर्चमधली स्वस्तातली पूजेची तबकडी चोरतो आणि त्याला फाशी होते. आपला जुना सोबती फासावर जातो हे ऐकून राजा म्हणतो, असे सगळे गुन्हेगार असेच छाटले पाहिजेत. हा तोच बार्डॉल्फ, ज्याने बुलकाफच्या आणि मोल्डीच्या पैशांतला एक पाऊंड मारला होता. तबकडीसाठी दोर आहे, माणसं विकण्यासाठी नाही.

लढाईच्या आदल्या रात्री राजा वेष पालटून छावणीत फिरतो. मायकेल विल्यम्स नावाचा साधा शिपाई त्याला तोंडावर सांगतो की लढाईचं कारण न्याय्य नसेल तर राजाला फार जड हिशेब द्यावा लागेल. तुटलेले पाय, हात आणि मुंडकी निवाड्याच्या दिवशी एकत्र येऊन ओरडतील. राजा लांबलचक युक्तिवाद करतो, पण तो कारणाच्या न्याय्यतेवर नसतोच. दुसऱ्या दिवशी, २५ ऑक्टोबर १४१५ रोजी, अ‍ॅजिनकोर्ट जिंकल्यावर इंग्लंडच्या मेलेल्यांची यादी वाचली जाते. एक ड्यूक, एक अर्ल, एक सर, एक 'सर'च्या खालच्या दर्जाचा एस्क्वायर. "नाव घ्यावं असं आणखी कुणी नाही. बाकीचे फक्त पंचवीस." छावणीतलं सामान राखणारी पोरं कापली गेली, त्यांत एकेकाळी फॉल्स्टाफचा हरकाम्या असलेला मुलगा होता. तो कुठल्याच यादीत नाही. नाटकातही त्याला नाव नाही.

नावावरून आठवलं. फॉल्स्टाफचं मूळ नाव फॉल्स्टाफ नव्हतं. शेक्सपिअरने त्याला सर जॉन ओल्डकॅसल म्हटलं होतं. खरा ओल्डकॅसल हा १४१७ साली धर्ममतांपायी मारला गेलेला सरदार. त्याचे वारस कॉबहॅम घराणं. त्यांच्यातला एक तर १५९६-९७ मध्ये राणीचा लॉर्ड चेंबरलेन होता, म्हणजे नाटकमंडळ्यांवर थेट अधिकार असलेला. त्या घराण्याच्या नाराजीमुळे नाव बदललं गेलं, असं अभ्यासक मानतात. दुसऱ्या भागाच्या शेवटी तर मंचावरून खुलासा केला गेला की ओल्डकॅसल हुतात्मा होता, हा तो माणूस नव्हे. जवळपास एकशे ऐंशी वर्षांपूर्वी मेलेल्या एका सरदाराच्या अब्रूसाठी नाटककाराला जाहीर दिलगिरी द्यावी लागली. कोव्हेंट्रीच्या रस्त्यावरून गेलेल्या दीडशे जणांच्या वतीने तक्रार करायला कुणाचं घराणं नव्हतं.

हे नाटक आजही जगभर होतं आणि बहुतेक वेळा भरतीचं दृश्य हशांसाठी रंगवलं जातं. फीबलला बायकी आवाज, वॉर्टला लंगडी चाल. माझी दिग्दर्शकांना विनंती आहे की एकदा फीबलला त्याच्या साध्या आवाजात बोलू द्या. मरणाचं ते वाक्य झाल्यावर दोन क्षण कुणी हलू नका. आणि राज्याभिषेकाच्या मिरवणुकीत, जिथे रस्त्यावर ताजं गवत अंथरायला माणसं धावत असतात आणि फॉल्स्टाफ गर्दीतून पुढे घुसत असतो, तिथे कडेला दोन भिकारी बसवा. तीनसुद्धा नकोत, दोनच. त्यांना संवाद देऊ नका. राजा "मी तुला ओळखत नाही" म्हणेल तेव्हा त्यांनी फक्त मान वर करून त्याच्याकडे बघावं.